पाप गेल्यावर मागे कोण उरतो?

वाचकहो, वारकऱ्यांच्या मासिकात ख्रिस्ती धर्माचा विषय कशाला, असे तुमच्या मनात येणे साहजिक आहे. आमचे किनवट पैनगंगेच्या काठी वसलेले. नदीपलीकडे विदर्भ, थोडे पुढे गेले की तेलंगणातले आदिलाबाद, आणि भोवती सागवानाचे रान. या रानात बंजाऱ्यांचे तांडे आहेत, गोंड-कोलामांच्या वस्त्या आहेत. गेल्या काही वर्षांत तिथल्या काही घरांत रविवारी ख्रिस्ताची प्रार्थना होऊ लागली आहे. ती माणसे एक गोष्ट फार ठामपणे सांगतात : आमचे पाप गेले, आम्ही आता नवे झालो. हे ऐकून आपल्यातले काही हसतात, काही चिडतात. मला मात्र ते ऐकून विचार करावासा वाटला. नारदांच्या गादीवर चाळीस वर्षे उभे राहून ज्याने नामाने पाप जळते असे सांगितले, त्याने दुसऱ्याच्या तोंडी तसेच वाक्य आले तर निदान त्याचा अर्थ तरी विचारावा.

म्हणून आधी त्यांचे म्हणणे त्यांच्या बाजूने समजून घेऊ.

ख्रिस्तभक्तांत पौल नावाचा एक थोर पुरुष होऊन गेला. तो आधी ख्रिस्ताच्या अनुयायांना पकडून देणारा, त्यांचा छळ करणारा. पुढे तोच ख्रिस्ताचा दास झाला. रोम शहरातल्या भक्तमंडळींना त्याने जे पत्र लिहिले, त्याच्या सहाव्या अध्यायात हा विषय आहे. त्याचा भावार्थ असा की, बाप्तिस्म्याच्या वेळी माणूस पाण्यात उतरतो तेव्हा त्याचा जुना मनुष्य ख्रिस्ताबरोबर मरतो आणि पुरला जातो. तो वर येतो तो ख्रिस्ताबरोबर उठलेला नवा मनुष्य असतो. पाप हा जुन्या माणसाचा धनी होता. मेलेल्या गड्यावर धन्याचा हक्क चालत नाही. मग हा नवा माणूस कोणाचा? तो देवाचा. त्याच पत्रात पुढे पौल त्याला घरचा लेकच म्हणतो. आणि हे सारे त्याने पुण्य साठवून विकत घेतलेले नसते. ते कृपेने मिळालेले असते.

आता याला आपल्या घरातला दृष्टांत देतो.

देहूची कथा आपल्याला पाठ आहे. तुकोबांच्या घरी सावकारी होती. दुष्काळाने गावेच्या गावे मोडली. पुढे तुकोबांनी कर्जखते बाहेर काढली, धाकटे बंधू कान्होबा यांचा वाटा त्यांना दिला आणि आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत बुडवली. कीर्तनात आपण ही कथा तुकोबांच्या वैराग्याची म्हणून सांगतो आणि ते योग्यच आहे. पण जरा नदीच्या दुसऱ्या बाजूने पाहा. ज्याचे खत पाण्यात गेले तो कर्जदार दुसऱ्या दिवशी तुकोबांना वाटेत भेटला असेल. त्याने काय केले असेल? सवयीने बांधाआड लपला असेल, की समोर येऊन पाया पडला असेल? लपला असेल, तर कागद बुडूनही तो ऋणीच राहिला. समोर आला असेल, तरच तो सुटला. खत बुडवणे ही तुकोबांची कृपा. मान वर करून तुकोबांना भेटणे हा त्या माणसाचा नवा जन्म. दोन्ही घडल्याशिवाय ऋणमुक्ती पुरी होत नाही.

ख्रिस्ती लोक रोज जी प्रार्थना म्हणतात, जी ख्रिस्ताने स्वतः शिकवली असे ते मानतात, तिच्यातही पापासाठी ऋण हाच शब्द मत्तयाच्या ग्रंथात आला आहे. देवाने आपले ऋण सोडावे अशी मागणी तिथे आहे, आणि त्याच वाक्यात आपणही आपल्या ऋणकोंना सोडले आहे असे देवाला सांगायचे आहे. मागणे आणि देणे एकाच दोरीने बांधलेले आहे. ही दोरी लक्षात ठेवा, पुढे तिचे काम पडेल.

आपल्या महाराष्ट्रात दोन थोर माणसे या वाटेने गेली. दोघेही आपल्याच परंपरेत वाढलेले होते, म्हणून त्यांचा विचार आपल्याला जवळचा.

पहिल्या पंडिता रमाबाई. १८५८ सालचा जन्म. वडील अनंतशास्त्री डोंगरे तीर्थोतीर्थी हिंडून पुराण सांगत. रमाबाईंनीही आईवडिलांबरोबर गावोगाव पुराण सांगितले, भागवत मुखोद्गत केले. १८७० नंतरच्या दुष्काळी दिवसांत आईबाप आणि बहीण गेली. पुढे त्या इंग्लंडला गेल्या. तिथे लंडनच्या फुलहॅम भागात ख्रिस्ती भगिनी एक आश्रम चालवीत. समाजाने पतित म्हणून टाकलेल्या स्त्रिया तिथे राहत, कामे शिकत आणि मानाने वागवल्या जात. ते पाहून रमाबाई थक्क झाल्या. या बायकांवर ही माया कशासाठी, असे त्यांनी विचारले. तेव्हा एका भगिनीने त्यांना योहानाच्या ग्रंथातली शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवली. विहिरीवर पाणी भरायला आलेली, पाच नवरे झालेली ती बाई. तिच्याकडे ख्रिस्ताने पाणी मागितले आणि तिच्याशी देवाविषयी बोलला. रमाबाई १८८३ साली ख्रिस्ती झाल्या.

पण पुढची गोष्ट अधिक मोलाची आहे. रमाबाईंनी स्वतःच लिहून ठेवले आहे की, धर्म स्वीकारला तरी आठ वर्षे त्यांना खुद्द ख्रिस्त सापडला नव्हता. मत पटले होते, आचार बदलला होता, पण मनावरचे पापाचे ओझे तसेच होते. ते ओझे उतरवणाराच पाहिजे, ते आपल्या सत्कर्मांनी उतरत नाही, हे त्यांना १८९१ च्या सुमारास उमगले. त्यानंतर त्यांनी केडगावला मुक्तिसदन उभे केले. आपल्या मराठवाड्यातून पुण्याला रेल्वेने जाताना दौंड गेले की केडगाव लागते. १८९६-९७ च्या दुष्काळात उपाशी, निराधार मुली त्यांनी तिथे आणल्या, आणि पतित म्हटल्या गेलेल्या स्त्रियांसाठी वेगळे कृपासदनही चालवले. ज्यांना गावाने एक नाव चिकटवून दिले होते, त्यांना तिथे दुसरे नाव मिळाले.

वाचकहो, रमाबाईंची ही कथा वाचताना मला मंगळवेढ्याची कान्होपात्रा आठवते. गणिकेच्या पोटी जन्मलेली ती मुलगी विठ्ठलाच्या पायाशी आली आणि देवाने तिला आपल्या राउळातच ठेवून घेतले. तिच्या नावाचा वृक्ष वारकरी आजही दाखवतात. म्हणजे रमाबाईंना जे फुलहॅमला दिसले ते आपल्या पंढरीत कधीचेच होते. मग ते त्यांना इथे का दिसले नाही? भागवत तोंडपाठ असलेल्या मुलीला पतितपावनाचे आचरण पाहायला समुद्र ओलांडावा लागला. याचे उत्तर रमाबाईंनी नव्हे, आपण द्यायचे आहे. आपल्या कथेत दया होती. आपल्या गल्लीत ती किती होती?

दुसरे रेव्हरंड नारायण वामन टिळक. १८६१ सालचा जन्म, कोकणातल्या करजगावचा. संस्कृताचे व्यासंगी, मराठीचे मोठे कवी. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते सांगत. त्यांनी टाळ टाकला नाही, अभंग सोडला नाही. ख्रिस्तावर शेकडो पदे रचली, कीर्तने लिहिली आणि स्वतः उभे राहून केली. नवा माणूस झाल्यावर भाषा, पोशाख, चालीरीती साहेबाच्या घेतल्या पाहिजेत, हे त्यांना मान्य नव्हते.

मात्र या नव्या जन्माची किंमत घरच्यांनी मोजली. पत्नी लक्ष्मीबाई यांच्यावर आकाश कोसळले. नवरा जिवंत आणि संसार मोडला. काही वर्षे त्या टिळकांपासून दूर राहिल्या, त्यांतले दिवस त्यांनी नातेवाइकांकडे पंढरपुरात काढले. विठ्ठलाच्या गावात बसून ती माउली नवऱ्याच्या ख्रिस्ताशी भांडत होती. पुढे त्या टिळकांकडे परतल्या, त्याही आपले सोवळे सांभाळूनच. नवऱ्याने जबरदस्ती केली नाही. जातिभेद देवाने केला की माणसाने, याचा विचार त्यांनी स्वतःच केला, सोवळे स्वतःच उतरवले आणि १९०० साली स्वतःच्या निर्णयाने बाप्तिस्मा घेतला. हे सारे त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ या ग्रंथात हसतखेळत लिहिले आहे. मराठी वाचणाऱ्याने हा ग्रंथ, मग त्याचा देव कोणताही असो, एकदा वाचावा. त्यात कळते की नवे होणे एका दिवसात पाण्यात उतरून संपत नाही. ते स्वयंपाकघरात, पाण्याच्या हंड्याशी, सोबतच्या माणसाच्या ताटाशी रोज थोडे थोडे घडते.

१९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. ज्यांनी बाप्तिस्मा घेतला आहे त्यांना तिथे जागा होती, आणि ज्यांनी घेतलेला नाही पण जे ख्रिस्ताला गुरू मानतात त्यांनाही होती. त्याच १९१७ साली आळंदीत जोग महाराजांनी वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली. तिथली चार वर्षांची विद्या आज गावोगावच्या कीर्तनकारांच्या अंगी आहे. एकाच वर्षी दोन मराठी माणसे, दोन वाटांनी, पण भक्ती नुसत्या नावनोंदणीत अडकू नये याच तळमळीने कामाला लागली होती.

आता शंकेकडे येऊ. कृपेनेच पाप जाते असे म्हटले तर माणूस मोकाट सुटणार नाही का? देव क्षमा करणारच आहे, मग आणखी चार पापे करू, असे कोणी म्हणेल. पौलाने ही शंका स्वतःच उभी केली आणि तिचा जोराने निषेध केला. पापाला जो मेला तो पापात जगेल कसा, हा त्याचा सवाल. आपल्याकडे नामाच्या बाबतीत हेच सांगितले आहे. शास्त्रात दहा नामापराध मोजले आहेत. त्यांत नामाच्या बळावर पाप करण्याची बुद्धी धरणे हा एक मोठा अपराध आहे. नाम पाप जाळते, हे खरे. पण जाळायला नाम आहे म्हणून पापाचे सरपण गोळा करणाऱ्याला नाम पावत नाही.

अजामिळाचे आख्यान घ्या. भागवताच्या सहाव्या स्कंधातली ही कथा प्रत्येक कीर्तनकार रंगवतो. मरताना त्याने मुलाला नारायण म्हणून हाक मारली, विष्णुदूत धावले, यमदूत हात हलवत परतले. इथे श्रोते टाळी वाजवतात आणि पुष्कळदा कथा इथेच थांबते. पण ग्रंथात कथा पुढे आहे. अजामिळ त्या घटकेला मेलाच नाही. त्याने दूतांचा संवाद ऐकला, त्याला आपल्या आयुष्याची लाज वाटली, आणि तो उठून गंगाद्वारी गेला. तिथे त्याने उरलेले आयुष्य भगवंतात मन लावून घालवले. म्हणजे सुटका आधी झाली आणि जीवन नंतर बदलले. बदलल्याचे बक्षीस म्हणून सुटका मिळाली नाही. सुटल्याची खूण म्हणून बदल झाला. या एका ठिकाणी ख्रिस्ती संत आणि आपले संत यांची वाट अगदी शेजारून जाते.

वाटा शेजारून जातात म्हणून त्या एकच आहेत असे मी म्हणत नाही. ख्रिस्ती भक्त म्हणतो, ख्रिस्ताने क्रुसावर एकदाच सर्वांसाठी प्राण दिला, त्यातच मुक्ती आहे. आपण संचित-प्रारब्ध मानतो, पुनर्जन्म मानतो, नाम आणि संतसंग हे साधन मानतो, आणि विटेवरचे सावळे रूप सोडून कुठे जात नाही. हा फरक मोठा आहे. तो झाकून दोन्हींची खिचडी करणे हा दोघांचाही अपमान होईल. पण शेजाऱ्याच्या विहिरीलाही गोड पाणी आहे असे म्हटल्याने आपली विहीर आटत नाही.

हे सर्व सांगण्याचे कारण आमच्या भागातली एक हकीकत. तांड्यावरचे दोघे मित्र पूर्वी रानात मोहाची भट्टी लावायचे. विकायचे, स्वतःही प्यायचे, घरी जाऊन बायकांना मारायचे. पुढे एकाने पंढरीची वारी धरली, गळ्यात तुळशीची माळ घातली. दुसऱ्याने ख्रिस्ताची प्रार्थना धरली, बाप्तिस्मा घेतला. दोघांनी मडकी फोडली ती फोडलीच. आज दोघांच्या घरी पोरे शाळेत जातात, आणि बायकांच्या अंगावर वळ दिसत नाहीत. मला वाटते, पाप गेले की नाही याची याहून मोठी साक्ष कोणी मागू नये.

पण गावाच्या तोंडी दोघांचे नाव आजही एकच आहे : भट्टीवाला. माळकऱ्याच्या मुलीची ठरत आलेली सोयरीक याच नावामुळे मोडली. त्या दिवसांत तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, “महाराज, दारू सोडून मला सात वर्सं झाली. गळ्यात माळ हाय, एक वारी चुकली नाही. पण लोक आजूकबी त्याच नावानं बोलावतेत. मंग माझं पाप गेलं म्हणावं, का ऱ्हायलं?”

मी म्हणालो, “बापू, देवाच्या वहीतून ते गेलं. गावाच्या वहीत ऱ्हायलंय. तू देवाची वही खरी मान.”

त्याला एवढे पुरले. मला पुरले नाही. कारण त्याच सुमारास सप्ताहाची मंडळी मला म्हणत होती, महाराज, काल्याच्या कीर्तनात त्या दुसऱ्याचा, धर्म सोडून गेलेल्याचा, चांगला समाचार घ्या. मी त्यांना इतकेच विचारले, तो भट्टी लावत होता आणि बायकोला मारत होता, तेव्हा आपण कोणी त्याच्या झोपडीत गेलो होतो का? आणि जो माळ घालून आपल्यातच राहिला, त्याला तरी आपण कोणते नवे नाव दिले? काल्यात सर्वांची शिदोरी एकत्र कालवतात. तिथे समाचार घ्यायचाच असेल तर तो आपला घेऊ. मंडळी गप्प राहिली. काल्याचे कीर्तन मी अजामिळावर केले, आणि ते गंगाद्वारापर्यंत नेले.

वाचकहो, आमच्या तालुक्यात उनकेश्वरला गरम पाण्याचे झरे आहेत. तिथे स्नान केले की अंगाचे रोग जातात अशी लोकांची श्रद्धा आहे, लांबून माणसे येतात. समजा एखादा रोगी तिथे बरा झाला आणि गावी परतल्यावरही लोक त्याला रोगी म्हणून दूरच बसवू लागले, तर दोष झऱ्याचा की गावाचा? पापाचेही तसेच आहे. देव धुतो, आणि आपण जुना डाग बोटाने दाखवत बसतो. मघाशी सांगितलेली दोरी इथे आठवा. स्वतःचे ऋण सुटावे म्हणून हात जोडायचे आणि दुसऱ्याचे खत मात्र ट्रंकेत जपून ठेवायचे, हे तुकोबांच्या इंद्रायणीलाही चालत नाही आणि ख्रिस्ताच्या प्रार्थनेलाही चालत नाही.

नवी ओळख ही काय वस्तू आहे, हे वारकऱ्याला कोणी शिकवायला नको. आषाढीच्या वाटेवर अठरा-वीस दिवस आपण एकमेकांना कोणत्या नावाने हाक मारतो? माउली. पाणी देणारा माउली, वाट अडवणारा माउली, धक्का लागला तो माउली. तिथे कोणी कोणाचे जुने गाऱ्हाणे विचारत नाही. लहान मोठ्याच्या पाया पडतो आणि मोठाही लहानाच्या पाया पडतो. कोण भट्टीवाला, कोण सावकार, कोणाचा मुलगा तुरुंगात जाऊन आला, याचा हिशेब चंद्रभागेपर्यंत कोणी मागत नाही. देवाच्या दारी जाणाऱ्याचे एकच नाव.

मग परतीच्या गाडीत बसलो की ते नाव कुठे राहते? द्वादशीला पारणे सुटते आणि पौर्णिमेला काला होतो, पण त्याबरोबर माउली हे नावही सोडून द्यायचे असे कोणत्या ग्रंथात सांगितलेले नाही.

म्हणून एवढीच विनंती. आपल्या गल्लीत असा एखादा माणूस असेलच, ज्याने काही वाईट सोडले आहे आणि ज्याला आपण अजून जुन्या नावाने ओळखतो. त्याच्या गळ्यात माळ असेल किंवा क्रूस असेल, किंवा काहीच नसेल. येत्या एकादशीला उपवासाबरोबर त्याचे ते जुने नाव तेवढे जिभेवरून उतरवा. वाटेत भेटला तर वारीतल्या नावाने हाक मारा. तो मान वर करून पाहील. त्या पाहण्यात त्याचे खत बुडालेले असेल, आणि आपलेही.

रामकृष्णहरी.